पहिल्या भागाची उधारी

वीस कोटी डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाच्या नायकाला पहिल्या काही मिनिटांतच पिझ्झा उशिरा पोचवल्याबद्दल नोकरीवरून काढून टाकतात. सॅम रायमी यांचा ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) सुरू होतो तो असा. एकोणतीस मिनिटांत पिझ्झा दारात आला नाही तर तो फुकट, ही दुकानाची हमी. पीटर पार्करकडे खोक्यांची चळत, मोपेड रहदारीत अडकलेली. शेवटी तो वेश बदलतो, जाळी फेकत निघतो, वाटेत ट्रकखाली येऊ घातलेली दोन पोरं वाचवतो आणि झाडू-पोछे ठेवायच्या कपाटातून धडपडत बाहेर येऊन काउंटरशी पोचतो, तेव्हा वेळ टळून गेलेली असते. पैसे मिळत नाहीत. दुकानमालक (ही छोटी भूमिका मुंबईत जन्मलेल्या आसिफ मांडवीने केली आहे) त्याला घरचा रस्ता दाखवतो. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो विकून तीनशे डॉलर हाती येतील असं वाटतं, तर आधी घेतलेली उचलच त्याहून मोठी निघते. विद्यापीठात प्राध्यापक खरडपट्टी काढतात. वाढदिवसाला मेकाकू, स्वतःचं घर बँकेच्या घशात जायची वेळ आलेली असताना, वीस डॉलरची नोट त्याच्या हातात कोंबते. तो खोलीवर पोचतो आणि घरमालक थकलेल्या भाड्यापोटी ती नोट काढून घेतो.

एवढं होईपर्यंत खलनायकाचा पत्ता नाही. शहरावर कुठलंही संकट आलेलं नाही. प्रेक्षक मात्र पुरता गुंतलेला असतो.

सुपरहिरोपटांच्या दुसऱ्या भागाचं मर्म मला या वीस डॉलरच्या नोटेत दिसतं. पहिला भाग शक्ती मिळण्याचा असतो. कोळी चावतो, चिलखत तयार होतं, परग्रहावरचं मूल शेतात येऊन पडतं. त्या नवलाईच्या भरात नायक आणि लेखक दोघंही बऱ्याच गोष्टी उधारीवर उचलतात. एखादं सत्य दडवलेलं असतं, एखाद्या मुलीला खोटं सांगितलेलं असतं, एखादं शहर कुणा बुरखेधाऱ्याच्या भरवशावर सोडलेलं असतं. किराणा दुकानदार महिनाअखेरीला काढतो ती वही दुसऱ्या भागाने काढायची असते. निर्माते मात्र बहुतेक वेळा वही बाजूला सारून नवा माल मागवतात. एकाऐवजी दोन खलनायक, एका इमारतीऐवजी अख्खं शहर, मग ग्रह, मग विश्व. माल वाढतो, गोष्ट वाढत नाही.

पहिला ‘स्पायडर-मॅन’ मे २००२ मध्ये आला. प्रदर्शनाच्या पहिल्याच शुक्रवार ते रविवारात अमेरिकेत दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा तो पहिला चित्रपट. जगभरातली कमाई ८२ कोटींच्या घरात गेली. दुसऱ्या भागाच्या कथेवर मग अनेक हात फिरले. आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी काम केलं. कॉमिक्सच्या सुवर्णकाळावर कादंबरी लिहून २००१ चं पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या मायकेल शेबॉननेही केलं. पटकथेवर शेवटी नाव लागलं ते आल्विन सार्जंट यांचं. त्यांनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. पटकथेसाठी दोन ऑस्कर त्यांच्याकडे होते, ‘ज्युलिया’ (१९७७) आणि ‘ऑर्डिनरी पीपल’ (१९८०) या चित्रपटांचे. ‘ऑर्डिनरी पीपल’मध्ये एका सुखवस्तू घरातला थोरला मुलगा बुडून मेलेला आहे, धाकटा वाचला आहे आणि वाचल्याचा अपराध उरात घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतो आहे. असा चित्रपट लिहिलेल्या माणसाकडे जाळी फेकणाऱ्या पोराची गोष्ट सोपवावी, हा निर्णय ज्याने कुणी घेतला त्याला अर्धं श्रेय द्यायला हवं.

कथेचं बीज मात्र जुनं आहे. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पन्नासाव्या अंकात, जुलै १९६७ मध्ये, स्टॅन ली आणि जॉन रोमिटा यांनी पीटरला वेश कचऱ्याच्या डब्यात टाकून पाठमोरा चालत जाताना दाखवलं होतं. रायमींनी ती चौकट जवळपास तशीच पडद्यावर उतरवली. पण कॉमिकमध्ये काही पानांत आटोपलेला हा त्याग चित्रपटात तासभर पसरतो आणि त्याला शरीराची साथ मिळते. पीटरच्या हातातून जाळी येईनाशी होते. भिंतीवरून तो घसरतो. डोळ्यांवर पुन्हा चष्मा चढतो. उंच इमारतीवरून खाली यायला त्याला लिफ्टने यावं लागतं, शेजारी अनोळखी माणूस, दोघांत अवघडलेल्या गप्पा. डॉक्टरला त्याच्या शरीरात काही सापडत नाही. मनातच नसेल तर कशाला ओढताय, असं तो सुचवतो. त्यानंतरचे पीटरचे दिवस खरोखर सुखाचे आहेत. अभ्यास होतो, त्याला आवडणाऱ्या मेरी जेनचं नाटक बघायला जमतं, रस्त्यावर तो शीळ घालत चालतो. प्रेक्षकालाही क्षणभर वाटून जातं, बरं झालं, सोडलंस ते. रायमी या सुखाची थट्टा करत नाहीत आणि तिथेच ते बाजी मारतात. नायक परत येणार हे तिकीट काढतानाच माहीत असतं. सोडून देणं रास्त होतं असं आधी पटलं नसतं, तर त्याच्या परतण्याला काय अर्थ उरला असता?

आता टेबलाचा प्रसंग. पहिल्या भागात पीटरने एका चोराला मुद्दाम पळू दिलं, पुढे त्याच चोराच्या हातून बेनकाकाचा खून झाला, आणि हे त्याने मेकाकूला सांगितलं नाही. पहिल्या भागातली ही सगळ्यात मोठी उधारी. दुसऱ्या भागात काकूच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून तो ते सांगतो. सफाई देत नाही, चोर हातातून निसटू दिला हे कबूल करतो. मेकाकू झालेली रोझमेरी हॅरिस पीटरच्या हातावर हात ठेवून ऐकते आहे. ऐकून होतं, ती हात काढून घेते, उठते आणि एक शब्दही न बोलता जिना चढून वर जाते. पीटर तिथेच बसून राहतो. चित्रपटात आगगाडी आहे, घड्याळाच्या मनोऱ्यावरची मारामारी आहे, कृत्रिम सूर्य आहे. पण मी हा चित्रपट जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा श्वास अडकतो तो या जिन्यापाशी. सार्जंट यांनी चोवीस वर्षांपूर्वी ज्या घरावर लिहिलं होतं, त्याच घराचं हे दुसरं दार आहे.

काकू नंतर माफ करते, तेही भाषण न देता. घर सोडायची वेळ आलेली असते, शेजारचा एक लहान मुलगा सामान बांधायला मदत करत असतो, आणि स्पायडर-मॅन कुठे गेला असं तो पीटरला विचारतो. नायकांबद्दल काकू मग थोडंफार बोलते, हे खरं. चित्रपटातला हाच एक भाग मला किंचित सुविचारांच्या फळ्याकडे झुकलेला वाटतो. हॅरिसने म्हटल्यामुळे तो तरून जातो.

खलनायक ऑटो ऑक्टेव्हियस वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. तो पीटरचा शत्रू म्हणून येतच नाही. पहिल्या भेटीत तो पीटरला जेवायला बसवतो, कविता आणि संशोधन यांवर बोलतो, बायकोची थट्टा करतो. काम, लग्न आणि मान, पीटरला जे तिन्ही एकत्र मिळणं अशक्य वाटतं, ते या माणसाकडे आहे. बुद्धी ही देणगी आहे आणि ती इतरांसाठी वापरायची असते, असं तो पीटरला त्या दुपारी सांगतो. कृत्रिम सूर्य बनवायचा प्रयोग फसल्यावर बायको मरते, पाठीला यांत्रिक भुजा कायमच्या चिकटतात आणि माणूस बदलतो. शेवटी पीटर त्याला हरवतो तो ठोसा मारून नाही. दुपारी ऐकलेलं वाक्य त्यालाच परत ऐकवून.

त्या भुजांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चित्रपटाचा जडपणा, वजन या अर्थाने, त्यांच्यातून येतो. बऱ्याच दृश्यांमध्ये त्या संगणकाने काढलेल्या नाहीत. एका भुजेमागे चार कळसूत्रकार याप्रमाणे चार भुजांसाठी सोळा माणसं ऑक्टेव्हियस झालेल्या आल्फ्रेड मोलिनाच्या मागे उभी राहून ती चाकं-दोऱ्या हलवत होती. मोलिनाने भुजांना नावंही ठेवली होती, लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो. चौथीला बाईचं नाव, कारण ती एक स्त्री चालवत होती. एखादी भुजा त्याच्या डोळ्यांवरचा गॉगल उतरवते किंवा सिगार पेटवून देते, तेव्हा समोर खरोखर काहीतरी असल्याचं नटाच्या चेहऱ्यावर दिसतं. दृश्य परिणामांचं ऑस्कर त्या वर्षी याच चित्रपटाला मिळालं. इस्पितळातला प्रसंग, जिथे शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा ऑक्टेव्हियस बेशुद्ध आहे आणि भुजा एकट्याच डॉक्टरांवर तुटून पडतात, हा तर रायमींनी तरुणपणी काढलेल्या भयपटांना दिलेला उघड सलाम आहे. फरशीवर ओढली जाणारी नखं, किंकाळ्या आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नाही.

आणि आगगाडी. मॅनहटनमधून धावणारी ही उन्नत गाडी खऱ्या न्यूयॉर्कमध्ये अशी धावत नाही. चित्रीकरणासाठी शिकागोचे लोहमार्ग वापरले. गाडी थांबवता थांबवता पीटरच्या वेशाच्या चिंध्या होतात, मुखवटा आधीच गेलेला असतो, आणि तो कोसळतो. प्रवासी त्याला हातांवर झेलून आत घेतात. एकजण म्हणतो, हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा. दोन मुलं मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. ज्या शहराच्या भाड्याने, दंडाने, उशिराने त्याला इतका वेळ पिळलं, त्या शहराने त्याचं थोडं देणं इथे चुकतं केलं. इथे डोळे भरून येतात त्याचं कारण पिझ्झ्याच्या दुकानात आहे.

सुपरहिरोपटांच्या दुसऱ्या भागाचा आद्य नमुना बघायचा तर १९७७ च्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. पाइनवूड स्टुडिओत रिचर्ड डोनर ‘सुपरमॅन’चे दोन्ही भाग एकाच वेळी चित्रित करत होते. निर्माते आलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड या पितापुत्रांना ही युक्ती जुनीच. ‘थ्री मस्केटिअर्स’च्या वेळी एका चित्रपटाच्या मानधनात त्यांनी दोन चित्रपट उरकले होते आणि नट खवळले होते. तेव्हापासून हॉलिवूडच्या करारांमध्ये एका चित्रपटाचे दोन करता येणार नाहीत अशा अर्थाचं कलम येऊ लागलं, त्याला साल्काइंड यांचंच नाव पडलं. ‘सुपरमॅन’च्या वेळी खर्च आणि वेळापत्रक यांवरून डोनर आणि निर्माते यांच्यात इतकं बिनसलं की दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा हातात असतानाही, पहिला भाग जगभर चालल्यावर, डोनर यांना काढून रिचर्ड लेस्टरला आणलं गेलं. सुपरमॅनचा बाप झालेल्या मार्लन ब्रँडोने नफ्याच्या वाट्यावरून दावा लावला होता. त्याची दृश्यं निर्मात्यांनी दुसऱ्या भागातून काढूनच टाकली. जीन हॅकमन नव्या चित्रीकरणाला आला नाही. तरी ‘सुपरमॅन २’ चालला, आणि खूप चालला. २००६ मध्ये डोनर यांच्या जुन्या चित्रफिती जुळवून त्यांची आवृत्तीही निघाली. त्यामुळे एकाच दुसऱ्या भागाची दोन रूपं शेजारी ठेवून बघण्याची दुर्मीळ सोय आपल्याला झाली.

फरक कुठे पडतो पाहा. खलनायक जनरल झॉड आणि त्याचे दोन साथीदार अंतराळातल्या कैदेत आहेत. लेस्टरच्या चित्रपटात ते सुटतात कसे? पॅरिसच्या आयफेल टॉवरवर दहशतवादी बॉम्ब घेऊन येतात, सुपरमॅन तो अंतराळात नेऊन फेकतो, स्फोटाने कैद फुटते. हा सगळा प्रकार नव्याने घडवलेला. डोनरच्या आवृत्तीत पहिल्या भागात सुपरमॅनने जे क्षेपणास्त्र अंतराळात ढकललं होतं, तेच फुटतं. म्हणजे पहिल्या भागात आपण ज्या क्षणी टाळ्या वाजवल्या, त्याच क्षणी झॉड सुटला होता. लेस्टरचा स्फोट दिसायला भारी आहे, डोनरच्या स्फोटाला बाप आहे.

पुढे सुपरमॅन प्रेयसी लोइस लेनसाठी शक्ती सोडून देतो. रस्त्याकडेच्या खानावळीत एक ट्रकचालक त्याला बदडतो, ओठातून रक्त येतं, आणि स्वतःचं रक्त बघून तो चकित होतो. क्रिस्टोफर रीव्हच्या अभिनयातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. मग शक्ती परत हवी. लेस्टरच्या चित्रपटात एक हिरवा स्फटिक उरलेला असतो आणि काम होतं, कसं ते विचारू नये. डोनरच्या आवृत्तीत बाप, म्हणजे ब्रँडो, आपली उरलीसुरली ऊर्जा मुलाला देऊन कायमचा नाहीसा होतो. एकीकडे फुकट, दुसरीकडे बाप गमावून. शेवट मात्र दोघांचाही लटका. लेस्टरने चुंबनाने लोइसची आठवण पुसली, डोनर आवृत्तीत काळच उलटा फिरवला. त्यातून एक गंमत झाली. काळ उलटल्यावर ज्या ट्रकचालकाने अजून काहीच केलेलं नाही, त्याला हा जगाचा तारणहार खानावळीत जाऊन चोपून येतो. मालकाला नुकसानभरपाई देतो, हे त्यातल्या त्यात बरं.

‘द डार्क नाइट’बद्दल (२००८) इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटोपतो. क्रिस्टोफर नोलनच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या शेवटच्या दृश्यात लेफ्टनंट गॉर्डन गच्चीवर बॅटमॅनला एक व्यावहारिक शंका विचारतो. आम्ही चांगली शस्त्रं घेतली की ते आणखी चांगली घेतात. आता तुम्ही मुखवटा घालून उड्या मारताय. आणि तो जोकरचा पत्ता पुढे करतो. पुढच्या चित्रपटातला जोकर म्हणजे त्या शंकेचं उत्तर आहे. हीथ लेजरचा जोकर कुठून आला हे चित्रपट सांगत नाही. तो स्वतः तोंडावरच्या व्रणांच्या वेगवेगळ्या कहाण्या रचतो. मूळ सांगायची गरजही नाही, कारण गोथम शहरात तो बॅटमॅनमुळे आला एवढं पुरतं. लेजर प्रदर्शनापूर्वीच, जानेवारी २००८ मध्ये गेला. मरणोत्तर ऑस्कर त्याला मिळालं. चित्रपटाने जगभरात शंभर कोटी डॉलरचा आकडा पार केला. पहिल्या भागाची कमाई त्याच्या निम्मीही नव्हती. मला त्यात जोकरइतकाच हार्वी डेंट महत्त्वाचा वाटतो. त्याच्या रूपाने गोथमला मुखवटा न घालणारा नायक मिळाला होता, तो सडला, आणि ते झाकण्यासाठी बॅटमॅन आणि गॉर्डन खोटं बोलले. तिसऱ्या भागात बेन हा खलनायक तेच खोटं भर चौकात वाचून दाखवतो. तिसरा भाग मला फारसा आवडत नाही, पण त्यातला हा हिशेब चोख आहे.

हिशेब खोटा लिहिला तर काय होतं? ‘स्पायडर-मॅन ३’ (२००७). दुसऱ्या भागाने कमाई केली ती पहिल्यापेक्षा थोडी कमीच, ७८-७९ कोटी डॉलर. तिसऱ्यावर जवळजवळ २६ कोटी ओतले गेले आणि तीन खलनायक उभे केले. त्यातला व्हेनम रायमींना मनापासून नको होता. निर्माते अवी अराड यांच्या आग्रहाने तो आला, आणि जे पात्र आपल्याला भावत नव्हतं ते नीट करता आलं नाही, अशी कबुली रायमींनी पुढे जाहीरपणे दिली. लोक अजूनही व्हेनमला आणि पीटरच्या कपाळावर ओढलेल्या केसांना नावं ठेवतात. माझ्या मते खरा घोटाळा दुसराच आहे. या चित्रपटात कळतं की बेनकाकावर गोळी त्या चोराने झाडलीच नव्हती. ती झाडली सँडमॅन झालेल्या फ्लिंट मार्कोने. झालं! पहिल्या भागात जे घडलं, दुसऱ्या भागात ज्याची कबुली काकूसमोर दिली, ते सगळं खोडून वर दुसऱ्याचं नाव लिहिलं. त्या जिन्यावरच्या पावलांचं मग काय करायचं? सँडमॅनचा जन्म, वाळूच्या कणाकणातून माणूस उठून उभा राहण्याचा प्रसंग, रायमींनी केलेल्या सर्वोत्तम कामांपैकी आहे. त्या माणसाला स्वतःची आजारी मुलगी होती, स्वतःचं दुःख होतं. त्याला बेनकाकाच्या खुनात ओढायची गरज नव्हती. चित्रपटाने तिन्ही भागांत सर्वाधिक, सुमारे ८९ कोटी डॉलर मिळवले. भारतात तो भोजपुरीतही लागला होता. चौथा भाग मात्र रायमींच्या हातून झाला नाही.

हिंदीत हेच दोन्ही प्रकार एकाच घरात घडले. राकेश रोशन यांचा ‘कोई... मिल गया’ (२००३) सुपरहिरोपट नव्हताच. परग्रहावरचा जादू आणि मतिमंद रोहित यांची ती गोष्ट. ‘क्रिश’ने (२००६) त्यातून सुपरहिरो काढला आणि काढताना जुनी वही वापरली. रोहितला मिळालेली शक्ती मुलात उतरली. पण ज्या शक्तीने मुलगा गेला ती नातवाच्या अंगात दिसताच आजी त्याला घेऊन डोंगरात लपते. रेखाने केलेली ही आजी म्हणजे चित्रपटाचं अर्धं बळ. आपल्याकडचा सुपरहिरो खोलीचं भाडं थकवत नाही, तो आजीला दिलेला शब्द मोडतो. न्यूयॉर्कचा पोरगा एकटा राहतो, हा कुटुंबात राहतो, म्हणून त्याच्या अडचणीही घरातल्याच. सिंगापूरला गेल्यावर सर्कशीच्या आगीत मुलांना वाचवण्यासाठी तो तुटका मुखवटा चढवतो तो ओळख लपवण्यासाठी, म्हणजे मुळात आजीसाठी. आणि बक्षिसाच्या पैशांची ज्याला गरज आहे अशा क्रिस्टियन नावाच्या मित्राला तो क्रिशचं श्रेय सरळ देऊन टाकतो. हॉलिवूडच्या लेखकाला हे सुचणं कठीण. बाप मेलेला नाही, नसीरुद्दीन शाहच्या डॉ. आर्यने त्याला डांबून ठेवलंय, हे रहस्य फिल्मी आहे खरं, पण ते पहिल्या दोन पिढ्यांच्या दुःखातूनच येतं.

‘क्रिश ३’मध्ये (२०१३) पैसा वाढला, संगणकीय दृश्यं पुष्कळ सुधारली, आणि सँडमॅनवाली गोष्ट पुन्हा घडली. खलनायक काल हा रोहितवरच्या प्रयोगातून जन्मलेला, म्हणजे रक्ताने त्याचाच मुलगा निघतो. मागच्या चित्रपटात या नोंदीला जागा नव्हती, ती नंतर घुसडली. दोन भाऊ समोरासमोर आले की आपल्या प्रेक्षकाचं काळीज हलतं हा जुना अनुभव; इथे ते हललं नाही, कारण हे भाऊ आहेत हे पटकथेलाच आत्ता कळलेलं असतं.

माझ्या या सगळ्या सिद्धांताला टाचणी लावणारा चित्रपट २०२४ मध्ये आला. टॉड फिलिप्सचा ‘जोकर’ (२०१९) शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. दुसरा भाग ‘जोकर: फोली आ दू’ हा अक्षरशः पहिल्या भागाचा हिशेब आहे. आर्थर फ्लेकवर पहिल्या चित्रपटातल्या खुनांचा खटला चालतो, साक्षीदार येतात, जे घडलं त्याची उजळणी होते. लेडी गागा आहे, गाणी आहेत. प्रेक्षकांनी तो उचलून आपटला. अमेरिकेत चित्रगृहाबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोरमध्ये त्याला ‘डी’ मिळाली. सुमारे वीस कोटी डॉलर खर्च आणि जगभरात जेमतेम तेवढीच कमाई. मग हिशेब मांडणं पुरेसं नाही का? मला वाटतं, बिल चुकीच्या पत्त्यावर गेलं. आर्थरला जोकर म्हणून डोक्यावर घेणारी गर्दी वेडी होती असं हा चित्रपट म्हणतो, आणि ती गर्दी म्हणजे तिकीट काढून खुर्चीत बसलेले आपण. ‘स्पायडर-मॅन २’ नायकाकडून वसुली करतो आणि प्रेक्षकाला त्याच्या बाजूने बसवतो. इथे वसुली प्रेक्षकाकडूनच. धाडस म्हणून मला ते आवडतं. दुसऱ्यांदा बघायला मात्र मी बसलो नाही.

या सगळ्या बाजारात गेल्या काही वर्षांतलं सर्वांत हुशार काम ॲनिमेशनमध्ये झालं आहे. ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३) भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. यातला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी कॉमिकमध्ये आणला होता. चित्रपटात तो मुंबई आणि मॅनहटन यांच्या मिश्रणातून झालेल्या ‘मुंबट्टन’मध्ये राहतो. या शहराचे रंग आणि ठिपक्यांची छपाई ‘इंद्रजाल कॉमिक्स’वरून घेतलेली आहे, आणि ज्यांनी लहानपणी वेताळ वाचला त्यांना ते पडद्यावर येताच ओळखू येतं. चहाला ‘चाय टी’ म्हटल्यावर पवित्र जो भडकतो, त्यावर चित्रगृहात हशा पिकतो. पण पटकथेत त्याचं काम हसवण्यापुरतं नाही. त्याला शक्ती मिळून थोडेच महिने झालेत, केस छान आहेत, प्रेयसी आहे, सगळं सोपं चाललंय. थोडक्यात, तो अजून पहिल्या भागात आहे.

नायक माइल्स मोरालेस मात्र दुसऱ्या भागात आहे, आणि त्याच्या नावावर काय काय निघतं! पहिल्या चित्रपटात प्रयोगशाळेतून पळताना त्याने एका शास्त्रज्ञाच्या डोक्यावर बेगल फेकला होता. तो निव्वळ विनोद होता. त्याच माणसाचा पुढे स्पॉट हा खलनायक झाला, आणि तो बेगल विसरलेला नाही. याहून मोठी थकबाकी पुढे निघते. माइल्सला चावलेला कोळी दुसऱ्याच विश्वातला, ४२ क्रमांकाच्या. तो इथे आल्यामुळे त्या विश्वाला स्पायडर-मॅन मिळालाच नाही. मिगेल ओ’हारा हा हिशेबनीस स्पायडर-मॅन त्याला सांगतो की प्रत्येक स्पायडर-मॅनला जवळचं माणूस गमवावं लागतं, तो नियमच आहे, आणि आता पाळी तुझ्या वडिलांची. मुंबट्टनमध्ये माइल्स पवित्रच्या वाट्याचं असंच एक मरण टाळतो आणि ते विश्व उसवायला लागतं. बेनकाकापासून प्रत्येक दुसऱ्या भागाने जी किंमत गृहीत धरली, ती द्यायची म्हणून कुणी ठरवली, असं माइल्स विचारतो. सुपरहिरोपटांच्या जुन्या सवयीलाच त्याने प्रश्न केला आहे, आणि मी इथवर जे लिहिलं त्यालाही.

उत्तर अर्ध्यावर सोडून चित्रपट संपतो. माइल्स चुकून ४२ व्या विश्वात पोचलेला असतो आणि समोर उभा असलेला गुन्हेगार तोच असतो, स्पायडर-मॅन न झालेला. चित्रगृहात तेव्हा बऱ्याच जणांनी चिडून आवाज केला. दोन तास वीस मिनिटं बसवून हे काय, असा सूर होता. तिसरा भाग मार्च २०२४ मध्ये यायचा होता, तो पुढे २०२७ वर गेला. ‘स्पायडर-मॅन ३’ ठरल्या वर्षी वेळेवर आला होता आणि वाळूचा माणूस खुनी ठरला होता. तेव्हा या उशिराबद्दल माझी तक्रार नाही.